चौथ्या पायरीवरचे फुटबॉलपटू : जर्मनीच्या रेगिओनाललिगातल्या कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुटगार्टला राहायला आल्यापासून माझे बरेचसे शनिवार वाल्डाऊच्या मैदानावर जातात. तिथे चौथ्या श्रेणीतला फुटबॉल चालतो. मुंबई-पुण्याकडचे मित्र, भाचे, त्यांचे कॉलेजातले सोबती रात्री जागून बुंडेसलिगा बघतात, त्यांना याचं नवल वाटतं. "अरे, पण ते खेळाडू करतात काय?" इथपासून "आमच्या पोराला तिकडे पाठवता येईल का?" इथपर्यंत प्रश्न येतात. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

रेगिओनाललिगा म्हणजे नेमकं काय?

जर्मन फुटबॉलची उतरंड अशी : सर्वांत वर बुंडेसलिगा, खाली दुसरी बुंडेसलिगा, मग तिसरी लिगा आणि चौथ्या पायरीवर रेगिओनाललिगा. वरच्या तीन श्रेणी अख्ख्या देशासाठी एकेकच. चौथ्या पायरीपासून प्रांतवार वाटण्या सुरू होतात. २०१२ पासून तिचे पाच गट आहेत : उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बव्हेरिया. एका गटात साधारण १८ संघ, म्हणजे एकूण ९०च्या आसपास क्लब आणि त्यांचे दोनेक हजार खेळाडू.

जुन्या बातम्या वाचताना एक घोळ होतो. १९६३ ते १९७४ या काळात रेगिओनाललिगा ही दुसरी श्रेणी होती. १९९४ मध्ये हेच नाव तिसऱ्या श्रेणीला दिलं गेलं. २००८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची तिसरी लिगा निघाली आणि रेगिओनाललिगा एक पायरी खाली गेली. त्यामुळे 'अमुक खेळाडू रेगिओनाललिगातून आला' असं वाचलं, की आधी साल बघावं.

हे खेळाडू व्यावसायिक असतात की हौशी?

दोन्ही, आणि तेही एकाच मैदानावर, एकमेकांविरुद्ध. जर्मन फुटबॉल महासंघाच्या नियमांत तीन प्रकार आहेत : हौशी खेळाडू, करारबद्ध खेळाडू आणि परवानाधारक खेळाडू. परवानाधारक फक्त वरच्या दोन बुंडेसलिगांत. चौथ्या श्रेणीत बहुतेक जण करारबद्ध असतात, पण त्या एका शब्दाखाली फार वेगवेगळी आयुष्यं येतात.

आखेनचंच उदाहरण घ्या. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात मराठी मुलं पुष्कळ, त्यामुळे गाव अनेकांच्या ओळखीचं. अलेमानिया आखेन हा क्लब २०१३ पासून ११ वर्षं चौथ्या श्रेणीत होता, आणि त्याचं टिवोली स्टेडियम जवळजवळ ३३ हजार प्रेक्षकांचं. अशा क्लबात खेळाडू सकाळी सरावाला येतो, फिजिओकडे जातो, दुपारी व्हिडिओ बघतो. तो पूर्ण वेळ फुटबॉलपटूच.

आता बव्हेरियातलं बुखबाख बघा. जेमतेम तीनेक हजार वस्तीचं गाव, आणि त्याचा क्लब २०१२ पासून याच चौथ्या श्रेणीत खेळतोय. अशा ठिकाणी सराव संध्याकाळी, कारण दिवसा खेळाडू कामावर असतात. कुणी कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी शिक्षक. जर्मन लोक याला 'फायरआबेंड'नंतरचा, म्हणजे कामावरून सुटल्यानंतरचा फुटबॉल म्हणतात. शनिवारी दुपारी दोनला मात्र अशा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना एकाच शिट्टीवर धावायचं असतं.

पगार किती मिळतो?

एक आकडा सांगता येत नाही. छोट्या क्लबात काही जणांचा करार 'मिनीजॉब'च्या, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतच्या छोट्या नोकरीच्या, मर्यादेत बसवलेला असतो. ही मर्यादा २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरो होती. मोठं प्रेक्षागृह आणि बऱ्यापैकी प्रायोजक असलेल्या क्लबात काही हजार युरो मिळतात, त्यावर घर चालतं. गोल केल्याचे, सामना जिंकल्याचे पैसे वेगळे ठरतात. काही वेळा क्लब गाडी किंवा भाड्याची खोली देतो, एखादा प्रायोजक आपल्या कंपनीत अर्धवेळ नोकरी देतो. माझ्या मते या नोकरीचं मोल त्या पगाराहून जास्त, कारण ती कारकीर्द संपल्यावरही टिकू शकते.

खेळाडू इथे येतात कुठून?

सर्वांत मोठी वाट अकादम्यांची. युरो २०००मध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. त्यानंतर बुंडेसलिगाच्या क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्रं चालवणं सक्तीचं झालं. तिथे मुलं लहानपणापासून शिकतात आणि १९व्या वर्षी बहुतेकांना कळतं, की वरच्या संघात जागा नाही. मग पुढचं दार रेगिओनाललिगाचं.

काही जण त्याच क्लबाच्या दुसऱ्या संघात राहतात. बायर्न म्युनिकचा दुसरा संघ बव्हेरिया गटात खेळतो. अशा संघांना दोन अटी असतात : २३ वर्षांवरचे तीनच खेळाडू मैदानात, आणि तिसऱ्या लिगाच्या वर चढायचं नाही. म्हणजे तिथे उमेदवारी करायची, मुक्काम नाही.

उलट दिशेनेही माणसं येतात. गावच्या संघातून पायरी-पायरीने वर आलेला २४-२५ वर्षांचा बचावपटू आणि बुंडेसलिगाचे सामने खेळून गुडघा दुखावलेला ३३ वर्षांचा मधल्या फळीतला माणूस एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसतात. मला या लिगाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं.

सगळे ३० जूनबद्दल का बोलतात?

कारण त्या तारखेला करार संपतात. जर्मनीत फुटबॉलचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. बुंडेसलिगात चार-पाच वर्षांचे करार होतात, इथे एक किंवा फार तर दोन वर्षांचे. कित्येक करारांत अटही असते : संघ खालच्या श्रेणीत गेला, तर करार आपोआप रद्द.

त्यामुळे मार्च-एप्रिलपासून घराघरांत हाच विषय. मुलाची शाळा, घराचा भाडेकरार, बायकोची नोकरी, सगळं त्या तारखेला अडकलेलं. दर उन्हाळ्यात खोकी भरून दुसऱ्या शहरात जायचं, नव्या प्रशिक्षकापुढे पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायचं. ज्यांना क्लब मिळत नाही त्यांच्यासाठी व्हीडीव्ही ही खेळाडूंची संघटना दर उन्हाळ्यात ड्युइसबुर्गला सराव शिबिर भरवते. बेकार खेळाडू तिथे एकत्र सराव करतात, मित्रत्वाचे सामने खेळतात आणि क्लबांची माणसं येऊन बघून जातात. आपल्याकडे फुटबॉलपटू म्हटलं की गाड्या आणि बंगले डोळ्यांपुढे येतात. असं वाटणाऱ्यांना मी या शिबिराबद्दल सांगतो.

आपल्या गटात पहिला आला, की संघ वर जातो ना?

नेहमी नाही. या लिगाची सगळ्यात दुखरी नस हीच.

गट पाच, पण तिसऱ्या लिगात जागा चार. पश्चिम आणि नैऋत्य गटांचे विजेते थेट वर जातात. उत्तर, ईशान्य आणि बव्हेरिया या तिघांपैकी एकाला आळीपाळीने थेट जागा मिळते. उरलेले दोन विजेते एकमेकांशी दोन सामने खेळतात आणि त्यातला एकच वर जातो. दुसऱ्याने ३४ सामन्यांत जे कमावलं, ते १८० मिनिटांत जातं.

लोकोमोटिव्ह लाइपझिगची हकिगत ऐका. १९८७ मध्ये युरोपियन कप विनर्स कपचा अंतिम सामना खेळलेला हा क्लब. २०२० मध्ये ईशान्य गटात पहिला आला. फेर्ल या छोट्या गावच्या संघाशी गाठ पडली. पहिला सामना २-२, दुसरा १-१. बरोबरी झाली, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, असा तेव्हा नियम होता. एकही सामना न हरता, केवळ त्या नियमाने लाइपझिग बाहेर. २०२५ मध्ये पुन्हा गटविजेता झाला, तेव्हा हावेल्सेने अडवलं. बर्लिनचा बीएफसी डायनॅमो हा पूर्व जर्मनीचा सलग १० वेळचा विजेता. त्यालाही २०२२ मध्ये ओल्डेनबुर्गने असंच परतवलं.

'विजेते वर गेलेच पाहिजेत' ही घोषणा तुम्हाला इथल्या कितीतरी मैदानांवर फलकांवर दिसेल. ईशान्येकडच्या क्लबांनी यासाठी एकत्र येऊन मोहीमही उघडली. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. एका वर्षाच्या करारावर खेळणाऱ्या माणसाला पहिला क्रमांक मिळवूनही वरची पायरी नाकारणं हा अन्याय आहे. त्यातले अनेक जण तिथे पुन्हा कधी पोहोचत नाहीत.

क्लबच दिवाळखोरीत गेला तर?

हे वारंवार घडतं. आखेनने २०१२ आणि २०१७ असं दोनदा दिवाळखोरीचं पाऊल उचललं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वाटेनशाइडने आणि २०२० च्या जानेवारीत रोट-वाइस एरफुर्टने चालू हंगामातच संघ मागे घेतला. अशा वेळी खेळाडू भर हिवाळ्यात रस्त्यावर. क्लब टिकला, तरी दिवाळखोरीबद्दल नऊ गुण कापले जातात, म्हणजे हिशेब चुकला कार्यालयात आणि भरपाई मैदानावर.

एक आधार मात्र पक्का. नोकरी देणारा बुडाला, तर जर्मन रोजगार खातं कर्मचाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार देतं. करारबद्ध फुटबॉलपटूही कर्मचारीच, त्यामुळे तो यात बसतो.

इथून कुणी खरंच वर पोहोचलं आहे का?

हो, आणि मला सगळ्यात जवळचं उदाहरण केविन बेहरेन्सचं वाटतं. जन्म १९९१, ब्रेमेनचा, म्हणजे पुण्याशी मैत्रीचं नातं असलेल्या शहरातला. आघाडीचा खेळाडू. त्याने विल्हेल्म्सहाफेन, हॅनोव्हरचा दुसरा संघ, आखेन, एसेन, झारब्र्युकेन असे चौथ्या श्रेणीतले क्लब पालथे घातले. उत्तरेच्या समुद्रापासून फ्रान्सच्या सीमेपर्यंत, दर एक-दोन वर्षांनी नवं गाव.

२०१८ मध्ये झारब्र्युकेन नैऋत्य गटात पहिला आला. तेव्हाचे नियम आणखी कडक होते, वर जायला निर्णायक फेरी खेळावीच लागे. समोर आला म्युनिकचा १८६०, जो वर्षभरापूर्वी दुसऱ्या बुंडेसलिगातून घसरला आणि परवाना न मिळाल्याने थेट चौथ्या श्रेणीत आदळला होता. झारब्र्युकेन हरला. पण बेहरेन्सचे गोल कुणीतरी पाहिले होते. २७व्या वर्षी त्याला दुसऱ्या बुंडेसलिगातल्या झांडहाउझेनने घेतलं. संघ खालीच राहिला आणि माणूस दोन पायऱ्या वर गेला.

तीन वर्षांनी, ३०व्या वर्षी, तो उनिऑन बर्लिनकडून बुंडेसलिगात उतरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात माइन्झविरुद्ध त्याने तीन गोल केले, तिन्ही डोक्याने. त्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, मेक्सिकोविरुद्ध जर्मनीची जर्सी त्याच्या अंगावर चढली. राष्ट्रीय संघाकडून तो सामना त्याचा एकमेव. तरी विल्हेल्म्सहाफेनच्या वाऱ्यापावसात खेळणाऱ्या मुलाला त्या एका सामन्याची किंमत विचारा.

दुसरं नाव तुम्हाला माहीत आहे : मिरोस्लाव्ह क्लोजे. सुतारकाम शिकलेला पोरगा विशीपर्यंत गावच्या, सातव्या श्रेणीतल्या क्लबात खेळत होता. १९९८ मध्ये होम्बुर्ग, मग कैझर्सलाउटर्नचा दुसरा संघ, दोन्ही तेव्हाच्या रेगिओनाललिगाच्या परिघातले. २००१ मध्ये तो राष्ट्रीय संघात होता आणि पुढे चार विश्वचषकांत मिळून त्याने १६ गोल केले. पुरुषांच्या विश्वचषकातल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम २०१४ मध्ये त्याच्या नावावर झाला.

आमच्या शहरातला डेनिझ उंडाव्हही त्याच वाटेचा. वेर्डर ब्रेमेनच्या युवा संघाने त्याला सोडून दिलं. मग हावेल्से, ब्राउनश्वाइगचा दुसरा संघ, तिसऱ्या लिगातलं मेपेन, बेल्जियम, इंग्लंड असा वळसा घेऊन तो स्टुटगार्टला आला. पहिल्याच बुंडेसलिगा हंगामात त्याने १८ गोल केले आणि २०२४ मध्ये तो जर्मनीकडून खेळला.

मग बाकीच्या शेकडो खेळाडूंची कारकीर्द फसली म्हणायची का?

मला हा प्रश्नच आवडत नाही, पण तो येतो म्हणून उत्तर देतो. देशातल्या लाखो नोंदणीकृत खेळाडूंतून तुम्ही वरच्या काही हजारांत आहात. दहा-बारा वर्षं आठवड्याला चार-पाच वेळा सराव, दुसऱ्या दिवशी कामावर हजर, ईशान्य गटात ग्राइफ्सवाल्डपासून येनापर्यंत चारशे किलोमीटरांहून जास्त बसचा प्रवास, रात्री उशिरा घरी. याला फसलेलं म्हणायचं, तर यशाची व्याख्या फारच तोकडी झाली.

वाल्डाऊवर मी बघतो. सामना संपल्यावर खेळाडू कुंपणापाशी येतात, म्हाताऱ्या प्रेक्षकांशी नावानिशी बोलतात. सात-आठ वर्षं एकाच क्लबात राहिलेल्या बचावपटूला गावात जी ओळख असते, ती बुंडेसलिगात दोन हंगाम राखीव बाकावर बसलेल्याला मिळत नाही.

मोठ्या संघांशी खेळायची संधी मिळते का?

मिळते, जर्मन चषकात. पहिल्या फेरीत ६४ संघ असतात. त्यातल्या २४ जागा प्रांतिक संघटनांच्या, म्हणजे मुख्यतः प्रांतिक चषक जिंकणाऱ्यांच्या. सामना छोट्या क्लबाच्या मैदानावर होतो आणि नुसत्या पहिल्या फेरीचे दोन लाख युरोंहून अधिक मिळतात. चौथ्या श्रेणीतल्या क्लबाचं वर्षाचं गणित त्यावर बदलतं. म्हणूनच मे महिन्यातल्या प्रांतिक अंतिम सामन्यांचा दिवस इथे सणासारखा, दिवसभर टीव्हीवर.

२०१९-२०चा हंगाम तर दंतकथाच. तोच झारब्र्युकेन, अजून चौथ्याच श्रेणीत. ३ मार्च २०२०, उपांत्यपूर्व फेरी, समोर बुंडेसलिगातला ड्युसेलडॉर्फ. गोलरक्षक डॅनियल बात्झने खेळ चालू असताना एक पेनल्टी अडवली आणि नंतरच्या शूटआउटमध्ये आणखी चार. चौथ्या श्रेणीतला क्लब उपांत्य फेरीत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. मग कोविड आला, आणि उपांत्य सामना रिकाम्या मैदानावर लेव्हरकुसेनशी झाला, ०-३. आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना आणि बघायला कुणी नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुखापत झाली तर पैसे कोण देतं?

करारबद्ध खेळाडू कर्मचारी असल्याने पहिले सहा आठवडे क्लब पगार देतो. पुढे कामावरच्या अपघातांचा सक्तीचा विमा उपचार आणि भत्ता बघतो. गुडघ्याचा लिगामेंट तुटला, की सहा ते नऊ महिने जातात, आणि मधे ३० जून आला तर नवा करार कोण देणार? उपचार थांबत नाहीत, पण नोकरी गेलेली असते.

खेळ संपल्यावर काय करतात?

शहाणे खेळाडू आधीच काहीतरी शिकून ठेवतात. जर्मनीत 'आउसबिल्डुंग', म्हणजे काम करता करता घेतलेलं व्यवसाय-शिक्षण, याला फार मान. अनेक जण पत्रव्यवहाराने पदवी घेतात. कुणी प्रशिक्षक होतं. फ्रांक श्मिट हा बँकेचं शिक्षण घेतलेला खेळाडू. हायडेनहाइममध्ये बूट उतरवल्यावर २००७ मध्ये तिथेच, तेव्हा रेगिओनाललिगाच्या एक पायरी खाली असलेल्या संघाचा प्रशिक्षक झाला. २००९ मध्ये संघ रेगिओनाललिगा ओलांडून वर गेला, २०२३ मध्ये बुंडेसलिगात पोहोचला, आणि या सगळ्या प्रवासात प्रशिक्षक तोच होता.

भारतातून आलेल्या मुलाला इथे खेळता येईल का?

पालकांना स्पष्टच सांगतो : पगारी खेळाडू म्हणून फार अवघड. युरोपीय संघाबाहेरच्या व्यावसायिक खेळाडूला व्हिसासाठी किमान पगाराची अट आहे. पेन्शन विम्याच्या वर्गणीसाठी जी कमाल उत्पन्नमर्यादा धरतात, तिच्या निम्मा पगार हवा. २०२५ मध्ये हा आकडा महिन्याला ४,०२५ युरो होता. चौथ्या श्रेणीतले बहुतेक क्लब एवढा पगार नवख्याला देत नाहीत. "पैसे भरा, जर्मन क्लबात घालतो" असं सांगणारा कुणी भेटला, तर आधी हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

शिकायला आलेल्या मुलाला मात्र हौशी फुटबॉल मोकळा आहे. गावच्या क्लबात नाव घालायचं, भारतातल्या संघटनेकडून हस्तांतराचा दाखला येईपर्यंत थांबायचं, मग खेळाडू-पास मिळतो. जिल्हा लिगात खेळून जर्मन भाषा जितकी लवकर येते तितकी वर्गात येत नाही.

महाराष्ट्र सरकार आणि बायर्न म्युनिक यांच्या सहकार्याने १४ वर्षांखालील मुलांची एफसी बायर्न महाराष्ट्र कप ही स्पर्धा झाली, निवडक मुलं म्युनिकला जाऊन आली. अनुभव म्हणून ते छानच. पण त्या मुलांना कुणीतरी हेही सांगावं, की बायर्नच्या अकादमीत वाढलेले कितीतरी जणसुद्धा पुढे चौथ्या श्रेणीतच खेळतात.

एखादा सामना बघायचा आहे. सुरुवात कुठून करू?

स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. इथे आलात तर स्टुटगार्टर किकर्स बघा. १८९९ चा क्लब. युर्गेन क्लिन्समन इथूनच व्यावसायिक खेळाडू झाला. वडील भारतीय असलेला रॉबिन दत्त इथे रेगिओनाललिगात प्रशिक्षक होता, नंतर त्याने फ्रायबुर्गला बुंडेसलिगात नेलं. पाच वर्षं ओबरलिगात, म्हणजे पाचव्या श्रेणीत, काढून किकर्स २०२३ मध्ये चौथ्या श्रेणीत परतला.

मैदान डेगेरलोखच्या टेकडीवर, २१७ मीटर उंच टीव्ही टॉवरच्या शेजारी. ट्रामने वाल्डाऊच्या थांब्यावर उतरायचं. तिकीट बुंडेसलिगापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि बहुतेक वेळा दारातच मिळतं. हिवाळ्यात जाड मोजे घाला, टेकडीवर वारा बोचतो. उभं राहायच्या बाजूला जा. तिथून खेळाडू एकमेकांना काय ओरडून सांगतात ते ऐकू येतं.